४३ − १७ चालेल, ५२ − २७ नको

तिसरीच्या वहीत ५२ − २७ = ३५ असं दिसलं की लाल फुली बसते आणि शेजारी शेरा पडतो, 'हातचा विसरला'. पण त्या ३५ मागं दोन अगदी वेगळी मुलं असू शकतात. एकानं एककाच्या घरात २ आणि ७ बघितले, मोठ्यातून लहान काढायचा हे त्याच्या अंगवळणी पडलेलं, म्हणून ७ मधून २ काढून ५ लिहिले. दशकात ५ मधून २ गेले, उरले ३. दुसऱ्यानं दशक व्यवस्थित सुटा केला, १२ मधून ७ काढले, ५ लिहिले, पण दशकाच्या घरातला एक कमी करायचा राहिला. तिथंही ५ मधून २ गेले, ३. दोघांचं उत्तर ३५. पहिल्याला दशक मोडता येतो हेच अजून माहीत नाही. दुसऱ्याला सगळं येतं, एक पायरी निसटते. दोघांना शेजारी बसवून एकच पाठ घेतला तर एक कंटाळतो आणि दुसऱ्याच्या डोक्यावरून जातं.

आता हेच ४३ − १७ देऊन बघा. मोठ्यातून लहान काढणाऱ्याचं उत्तर ३४ येईल. दशक कमी करायला विसरणाऱ्याचं ३६. चिन्ह न बघता बेरीज करणाऱ्याचं ६०. बरोबर उत्तर २६. चार उत्तरं, चार कारणं, आणि कुणाला काही विचारायच्या आत कळलं की गाठ कुठं आहे. यामागचा हिशोब साधा आहे: एककाच्या घरातल्या दोन अंकांत पाचाचा फरक असला की दोन्ही चुका एकाच उत्तरावर येऊन पडतात. म्हणून ५२ − २७, ६१ − ३६, ८३ − ४८ ही उदाहरणं सरावाला ठीक, चाचणीला नकोत.

छोट्या पाठाची निम्मी तयारी ही अशी आकडे निवडण्याची असते. साहित्य, खेळ, गाणी सगळं नंतर. सातारा-सांगलीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत दुसरी ते चौथीला गणितात मागं पडलेली चार-सहा मुलं प्रत्येक वर्गात सापडतात, आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र तास कुठंच नसतो. मिळतात ती पंधरा मिनिटं. ती कशी भरायची, त्याबद्दल हे टिपण.

कुठं अडलंय, आणि का

'असर' या शालेय शिक्षणाच्या पाहणीतली गणिताची चाचणी २००५ पासून चालत आलीय आणि बहुतेक शिक्षकांच्या ती ओळखीची आहे: १ ते ९ अंक ओळखणं, मग दोन अंकी संख्या ओळखणं, मग दशक सुटा करावा लागणारी दोन अंकी वजाबाकी, मग तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं. एका मुलाला पाच मिनिटंही लागत नाहीत. गट पाडायला ती उत्तम. पण मूल कोणत्या पायरीवर थांबलं एवढंच ती सांगते. का थांबलं, ते शोधायला आपलीच एक चिठ्ठी हवी: पाच संख्यांचं श्रुतलेखन, तीन उदाहरणं, बस्स.

श्रुतलेखनात हटकून छत्तीस घेतला जातो. घेऊ नये. मराठीत ज्यांचं पटत नाही त्यांचा आपण छत्तीसचा आकडा म्हणतो, कारण ३ आणि ६ पाठीला पाठ लावून बसतात, एक अंक म्हणजे दुसऱ्याचं आरशातलं रूप. गोची नेमकी तिथंच होते. मुलानं छत्तीसला ६३ लिहिलं तर त्यानं दशक-एकक उलटे लिहिले, की प्रत्येक अंक उलट्या तोंडानं काढला? दोन्हींचं फळ ६३ च. म्हणून सत्तावीस घ्या. ७२ लिहिलं तर अदलाबदल नक्की, कारण २ आणि ७ आरशात एकमेकांसारखे दिसत नाहीत. अंक उलटे काढण्याची सवय वेगळी तपासायची असेल तर नुसते ३ आणि ६ सुटे सांगा. सहासष्ट, चव्वेचाळीस असले जुळे आकडे तर अजिबात नकोत, उलटे लिहिले तरी बरोबरच दिसतात.

माझी पाच संख्यांची चिठ्ठी अशी असेल: सत्तावीस, एकोणपन्नास, सतरा, सत्तर, एकशे आठ. सतरा आणि सत्तर कानाला जवळचे म्हणून. एकशे आठ यासाठी, की ज्या मुलाला आकडा म्हणजे ऐकलेले शब्द एकापुढं एक मांडणं वाटतं ते १००८ लिहितं. एकोणपन्नास हे तर वेगळंच प्रकरण. पन्नास ऐकू आलं, म्हणून मूल ५ लिहितं आणि पुढं ९ जोडतं, ५९. ज्याला 'एकोण'मधला 'एक' ऐकू येतो ते ५१ लिहितं. एकोणपन्नास म्हणजे पन्नासाला एक कमी, हे कुणी कधी सांगितलेलंच नसतं. पन्नास काड्या मांडायच्या, एक उचलायची आणि उरलेल्यांना एकोणपन्नास म्हणायचं. एवढ्या एका पाठात एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंतची सगळी एकोण-मंडळी एका ओळीत लागतात.

श्रुतलेखन घेताना वहीपेक्षा पेन्सिलीवर नजर ठेवा. काही मुलं सत्तावीस ऐकल्यावर आधी ७ लिहितात, डावीकडं जागा सोडतात आणि मग २ आणून बसवतात. वहीत २७ बरोबर दिसतो. तीन अंकी संख्या आली की हीच मुलं कोलमडतात आणि 'आत्तापर्यंत बरं चाललं होतं की' असं आपण म्हणत राहतो.

हे कोडं मराठीनं घातलेलं आहे, मुलानं नव्हे. आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात नेहमीच्या वाचनासोबत 'वीस एक, वीस दोन' अशी जोड आली तेव्हा वाद विधानसभेपर्यंत गेला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी तेव्हा जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचणच पुढं मांडली होती. थट्टा खूप झाली, पण अडलेल्या मुलासाठी ती जोड फार उपयोगी पडते असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त ती कुबडी म्हणून वापरावी: 'वीस सात, म्हणजे सत्तावीस' असं दोन्ही एका दमात, महिना-दीड महिना. नुसतं 'वीस सात' ठेवलं तर बाजारात गेल्यावर मूल पुन्हा अडतं, तिथं भाजीवाली सत्तावीसच म्हणणार.

जत तालुक्यात आणि सीमेलगतच्या गावांत ज्यांच्या घरी कानडी बोलतात त्या मुलांचं आणखी वेगळं. कानडीत सत्तावीसला इप्पत्तेळु म्हणतात: इप्पत्तु म्हणजे वीस, एळु म्हणजे सात. दशक आधी, लिहितो तसंच. घरी सरळ ऐकलेलं शाळेत उलटं होतं. अशा मुलाला मराठी संख्यानामं पाठ होईपर्यंत 'गणित कच्चं' म्हणू नये. त्याच्या भाषेत सत्तावीस मोजून दाखवायला सांगितलं तर ते बहुतेक वेळा बिनचूक दाखवतं.

काड्यांचा डबा

गठ्ठ्यांसाठी काड्याच का? कारण गठ्ठा सोडता येतो. प्लॅस्टिकच्या दशकपट्ट्या दिसायला छान असतात, पण पट्टी मोडत नाही, ती देऊन दहा सुटे ठोकळे घ्यावे लागतात. दहाची नोटही तशीच, तिच्या पोटात दहा नाणी दिसत नाहीत. 'एक दशक म्हणजेच दहा एकक' हे ज्याच्या हाताला अजून पटलेलं नाही त्याला अदलाबदल ही जादू वाटते. म्हणून आधी काड्या, मग नोटा-नाणी, मग नुसते आकडे.

दोन मुलांत एक डबा. त्यात दहा-दहाचे ९ गठ्ठे आणि २० सुट्या काड्या, एकूण ११०. सुट्या वीस यासाठी, की दोन अंकी बेरजेत एककाच्या घरात जास्तीत जास्त ९ आणि ९ म्हणजे १८ जमतात, वजाबाकीत दशक सोडल्यावरही १८ च्या वर सुट्या होत नाहीत, आणि दोन कुठंतरी हरवतातच. सहा मुलांना तीन डबे, ३३० काड्या. खराट्याच्या काड्यांचे बोटभर तुकडे केले की भागतं. बारीक शेंड्याकडचा भाग टाकून द्या, तो गठ्ठा बांधताना तुटतो. कापलेली टोकं दगडावर घासून घ्या. आइस्क्रीमच्या काड्या सुंदर दिसतात, पण दहांचा गठ्ठा पहिलीच्या मुलाच्या मुठीत मावत नाही. गठ्ठ्याला रबर घट्ट नको, दोन वेढेच. मुलाची तीन मिनिटं रबर काढण्यात गेली तर पाठ तिथंच संपला. झाकणावर '९ + २०' लिहून ठेवा म्हणजे गोळा करताना मुलंच मोजून बघतात, आणि तेवढाच सराव पदरात पडतो.

पंधरा मिनिटं, ४३ − १७

पहिली तीन मिनिटं जुनं, तोंडी. कालचं एक, मागच्या आठवड्यातलं एक आणि दहाच्या जोड्या: सात आणि किती म्हणजे दहा? हे जलद आलं नाही तर आजचा पाठ बाजूला ठेवून तेच घ्यावं, कारण पुढं १३ मधून ७ काढताना मूल तेराही काड्या मोजत बसेल आणि दशक कशासाठी सोडला तेच विसरून जाईल.

मग सहा-सात मिनिटं काड्या. चार गठ्ठे, तीन सुट्या मांडल्या. 'यातल्या सतरा मला दे.' मूल एक गठ्ठा देतं, तीन सुट्या देतं आणि थांबतं. इथं शिक्षकानं गप्प बसायचं असतं, आणि हे पाठातलं सगळ्यात अवघड काम. 'गठ्ठा सोड की' हे शब्द ओठावर येतात. आले तर पाठ वाया. मनातल्या मनात वीसपर्यंत मोजा. काही मुलं शेजारच्या डब्यातल्या सुट्या उचलतात. 'ह्या त्याच्या आहेत, तुझ्यातल्याच दे,' एवढंच म्हणायचं. काही मुलं सरळ दोन गठ्ठे देतात आणि म्हणतात, 'तीन परत द्या.' हे चुकीचं नाही, बाजारात सुट्टे नसले की आपण हेच करतो. त्याला शाबासकी द्या, उरलेल्या मोजायला लावा, २६ येतात का बघू द्या, आणि मग म्हणा, 'आता मी परत देणार नाही, तुझ्याजवळ मोडता येण्यासारखं काय आहे?'

गठ्ठा सोडल्यावर मूल त्यातल्या दहा काड्या पुन्हा मोजू लागलं तर हातातलं उदाहरण थांबवा. गठ्ठ्यात दहाच असतात यावर त्याचा अजून विश्वास बसलेला नाही. पुढचे दोन दिवस त्याच्याकडून गठ्ठे बांधून घ्यायचे: ४६ चिंचोके, ५८ काड्या, जे असेल ते. वजाबाकी तोवर नाही.

शब्दांचं एक सांगतो. 'उसना घेतला' म्हणू नये. उसनं म्हटलं की परत करावं लागतं, आणि खरोखरच काही मुलं शेवटी दशकात एक मिळवून टाकतात. 'हातचा' हा शब्द बेरजेसाठी राहू द्यावा. वजाबाकीला 'दशक सुटा केला' किंवा 'गठ्ठा मोडला'. नोट मोडणं तर प्रत्येकानं किराणा दुकानात बघितलेलंच असतं.

मग चार मिनिटं लिहिणं, चौकटीच्या वहीत. एका चौकटीत एक अंक. ४ वर काट मारून वर ३, एककाच्या ३ वर काट मारून वर १३. तेरा नीट सुटा लिहायला लावा. ३ च्या डाव्या कुशीत बारीकसा १ खुपसण्याची पद्धत मोठ्यांना सोयीची, पण मूल दोन ओळींनंतर तो १ दशकाच्या घरातला समजतं. एक गठ्ठा सोडला की एक काट, हात आणि पेन्सिल बरोबरीनं चालले पाहिजेत. आधी सगळं काड्यांनी आणि नंतर सगळं वहीत असं केलं की ते दोन वेगळे धडे होतात.

दुसरं उदाहरण ६२ − ३८. तिसरं मुद्दाम ५८ − २३, जिथं काही मोडावं लागत नाही. सलग तीन उदाहरणांत गठ्ठा मोडला की मूल चौथ्यात न विचारता मोडतं, मग ५८ − २३ चं उत्तर २१५ येतं: १८ मधून ३ गेले १५, चारातून २ गेले २. मोडायचं की नाही हा निर्णय घेता येणं हीच तर शिकवण्याची गोष्ट. तो निर्णय दर पाठात एकदा तरी मुलाच्या वाट्याला यायला हवा.

शेवटची दोन मिनिटं दोन उदाहरणं, मदतीशिवाय: ८१ − ४५ आणि ७६ − ३४. पहिल्यात बरोबर उत्तर ३६, मोठ्यातून लहान काढलं तर ४४, दशक कमी केला नाही तर ४६. हे आकडे आदल्या दिवशीच चिठ्ठीवर लिहून ठेवायचे, चुकीच्या उत्तरांसकट. फळ्यासमोर उभं राहून सुचलेली उदाहरणं नेमकी ५२ − २७ निघतात.

दुसऱ्या दिवशी हेच, काड्या आणि वही. तिसऱ्या दिवशी काड्यांऐवजी चित्र: दशकाला उभी रेघ, एककाला टिंब, मोडलेल्या रेघेवर काट मारून शेजारी दहा टिंबं. चौथ्या दिवशी नुसते आकडे, डबा बाकावर झाकण लावून. अडलं तर उघडायचा. शून्यवाली उदाहरणं चौथ्या दिवसाआधी नकोत. ५० − २३ ला ३३ लिहिणारं मूल जुनीच चूक करतंय, ३० लिहिणाऱ्याला 'शून्यातून काही जात नाही म्हणजे शून्य' वाटतं, ३७ लिहिणारा दशक कमी करायला विसरला. इथंही उत्तरच सांगतं.

बेरजेचं याच चालीनं, म्हणून थोडक्यात. ३८ + २५ द्या. ५१३ म्हणजे हातचा माहीत नाही. ५३ म्हणजे घेतला पण मिळवला नाही. ८१ म्हणजे तेरातला १ खाली लिहिला आणि ३ हातचा धरला. १८ म्हणजे चारही अंकांची बेरीज मारली, आणि या मुलाला हातचा शिकवण्यात अर्थ नाही, त्याला दोन अंकी संख्याच अजून कळलेली नाही.

पेरांवरची मोजणी

८ + ५ ला १२ म्हणणारं मूल प्रत्येक वर्गात असतं. त्याचा अंगठा बघा. आपल्याकडं मोजणी बोटांवर नसते, पेरांवर असते. मूल पहिल्या पेरावर अंगठा ठेवतं आणि म्हणतं 'आठ', मग नऊ, दहा, अकरा, बारा. पाच पेरं झाली, उत्तर बारा. मोजणी चोख आहे, फक्त सुरुवातीचा आठ त्यानं पाचात धरला. उपाय छोटा आहे: आठ मुठीत बंद करायचे, मूठ दाखवून 'आठ' म्हणायचं, आणि दुसऱ्या हाताच्या पहिल्या पेरावर 'नऊ'. वजाबाकीत मागं मोजतानाही हीच चूक येते, १३ − ४ ला १० म्हणून.

पेरं मोजू नको असं दटावण्यात काही हशील नाही. मूल हात बाकाखाली नेतं, एवढंच. पेरांची खरी अडचण अशी, की एका बोटावर तीन पेरं असल्यानं पाच आणि दहा डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून सोबत दुसरं काहीतरी द्यावं. अंड्यांचा तीस खळग्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे पाच बाय सहाचा असतो. तो दोन ठिकाणी कापला की पाचाच्या दोन रांगांचे, दहा-दहा खळग्यांचे तीन तुकडे मिळतात. एकात आठ चिंचोके टाकले की दोन खळगे रिकामे दिसतात. पाचातले दोन तिथं गेले, तीन बाहेर राहिले, तेरा. दहा-बारा दिवस रोज तीन मिनिटं हे केलं की मूल ट्रे न बघता 'दोन तिकडं, तीन उरले' असं पुटपुटू लागतं. त्यानंतर पेरं आपोआप सुटतात.

पाढ्यांबद्दल एवढंच, की 'सात सक?' विचारल्यावर जे मूल 'सात एके सात'पासून गाडी सुरू करतं त्याला पाढा येतो, पण हवा तो डबा सापडत नाही. त्याला पाच आणि दहा या दोन ठिकाणी खुंट्या मारून द्या. सात पाचे पस्तीस पक्कं, मग सात सक म्हणजे पस्तीस आणि आणखी एक सात. क्रम २, १०, ५, मग ४ (दोनची दुप्पट), मग ३, आणि बाकीचे त्यांच्या जोरावर.

बाकीचा वर्ग काय करतो

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं साठ पटापर्यंत शिक्षक दोन. म्हणजे माण-खटाव किंवा आटपाडीकडच्या वाडीवस्तीच्या शाळेत एका शिक्षकासमोर दोन-दोन इयत्ता. तिथं सहा मुलांना पंधरा मिनिटं देताना बाकीच्यांना नवीन काही देऊ नये. नवीन दिलं की दर मिनिटाला कुणीतरी 'बाई, हे कसं?' म्हणत येतं. ज्यात ते पक्के आहेत त्याचाच सराव द्यायचा, आणि उत्तरं मागच्या फळ्यावर उलटी टांगून ठेवायची. वेळ परिपाठ झाल्या झाल्या. पोषण आहाराची खिचडी शिजल्याचा वास आल्यावर कुणाचं लक्ष वजाबाकीत नसतं, आणि जेवल्यावर तर नाहीच.

शनिवारी सकाळची शाळा, त्या दिवशी नवीन पाठ नको. सोमवार ते शुक्रवारमधलं एकेक आणि दोन आठवड्यांपूर्वीचं एक, मिसळून. सलग पाच दिवस वजाबाकी करणारं मूल शुक्रवारी दहापैकी दहा मिळवतं आणि पुढच्या सोमवारी कोरं असतं. आठवड्याच्या खंडानंतर आलं तरच आलं म्हणायचं.

प्रत्येक पाठ स्वतःच्या पायावर उभा असावा, कारण हजेरी सलग मिळत नाही. बेंदूर, गावची जत्रा, द्राक्षाच्या छाटण्या. दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या पट्ट्यात ऊसतोड कुटुंबांची मुलं वर्गात येतात आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की जातात. 'भाग ३, कालच्या पुढं' असा आखलेला पाठ त्यांच्या काही कामाचा नाही. त्या मुलांना मोळ्यांचा, उचलीचा, गाडीच्या खेपांचा हिशोब बऱ्याचदा तोंडी येतो. लिहिता येत नाही म्हणून त्यांना पहिलीच्या पानावर बसवणं चूक. तोंडी आणि लेखी अशी त्यांची दोन स्वतंत्र तपासणी करावी.

शाब्दिक उदाहरणांत 'जास्त' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, ही युक्ती शिकवण्याचा मोह होतो. मग पुढचं उदाहरण येतं: 'सलमाकडं बेदाण्याचे ८ पुडे आहेत. ते राजूपेक्षा ३ जास्त आहेत. राजूकडं किती?' युक्ती शिकलेलं मूल ११ सांगतं. त्यापेक्षा आधी आकडे झाकून गोष्ट वाचायची आणि विचारायचं, 'जास्त कुणाकडं?' सलमाकडं. 'मग राजूचं उत्तर आठापेक्षा मोठं की लहान?' एवढं ठरल्यावरच आकडे उघडायचे. वस्तू मुलांच्या गावच्या घ्या, पण खरंच गावच्या. तासगावच्या मुलाला बेदाणा, महाबळेश्वर-पाचगणीकडच्याला स्ट्रॉबेरी. उलट केलं की मूल उदाहरणाऐवजी वस्तूचाच विचार करत बसतं.

नोंदवहीत बरोबर-चूकच्या खुणा ठेवू नका, उत्तर ठेवा. तारीख, उदाहरण, मुलानं लिहिलेला आकडा. '३४, ३४, ३६, २६' अशी ओळ दिसली की प्रगती कळते: आधी मोठ्यातून लहान, मग मोडायला शिकला पण कमी करायला विसरला, मग आलं. फुल्यांच्या ओळीत तीच पहिली तीन उत्तरं सारखीच नापास दिसली असती. तीन वेगवेगळ्या दिवशी, मधे आठवडा गेल्यावरही बरोबर आलं, तर त्या मुलाला गटातून मोकळं करा आणि जागा दुसऱ्याला द्या.

महिना-दीड महिना नियमित पाठ होऊनही आकडा तसाच राहिला तर आधी डोळे आणि कान बघा. फळ्यावरचं ३ आणि ८ वेगळं दिसतं का, मागच्या बाकावर साठ आणि आठ वेगळं ऐकू येतं का. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्या दिवशी हे मूल गैरहजर राहणार नाही याची काळजी घ्या आणि डॉक्टरांना नेमकं सांगा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, पण तो शिक्का शिक्षकानं मारायचा नसतो. गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना बोलवायचं आणि ती उत्तरांची वही त्यांच्यापुढं ठेवायची. वर्णनापेक्षा तिचा जास्त उपयोग होतो.

राहिला डबा. पाटण, जावळीकडच्या शाळांत पावसाळ्यात खराट्याच्या काड्यांना बुरशी धरते आणि रबरं चिकट होऊन तुटतात. मे महिन्यात काड्या उन्हात वाळवून ठेवा, जुलै-ऑगस्टपुरता रबराऐवजी जाड सुती दोरा वापरा, सुरगाठ मारून. ती मुलांना ओढून सोडता येते. बांधायला मात्र तिसरीतलं एखादं हुशार पोर लागतं.